पाठ, तक्क्या आणि भिंत

दिवाणखाना हा शब्द आपण इतक्या सहजपणें वापरतों कीं, त्याच्या पोटांत काय काय दडलें आहे हा विचार क्वचितच मनांत येतो. फारसींत 'दिवाण' म्हणजे मूळचें नोंदीचें पुस्तक, खतावणी. खलीफा उमर यानें सातव्या शतकांत सैनिकांच्या वेतनाची यादी तयार करविली, तिला हेंच नांव होतें. पुढें ज्या कचेरींत अशा याद्या राहात ती कचेरी दिवाण झाली. कचेरींत बसून निवाडा करणारें मंडळ दिवाण झालें. त्या मंडळाचा मुख्य तोही दिवाण झाला. आणि आमच्याकडे जमीनजुमल्याचा दावा दिवाणी ठरला. येथपर्यंतचा प्रवास सरळ आहे. परंतु पश्चिमेकडे या शब्दानें एक चमत्कारिक वळण घेतलें. मसलतीस जमलेले वजीर ज्या आसनावर ओळीनें बसत, त्या भिंतीलगतच्या लांबलचक आसनालाच लोक दिवाण म्हणूं लागले. हिशेबाच्या चोपडींतून निघालेला शब्द शेवटीं कापसाच्या गादींत येऊन स्थिरावला. आपल्या बाजारांत फर्निचरवाला 'दिवाण' म्हणून जी वस्तु दाखवितो, ती या लांबच्या प्रवासाहून परत आलेली आहे.

माझा विषय मात्र त्या आसनाचा नव्हे. त्याच्या मागें भिंतीला लावून ठेवलेला जो तक्क्या, त्याच्याविषयीं मला चार शब्द सांगावयाचे आहेत. बसण्याची गादी माणसाला जमिनीपासून वांचविते. पाठीचा तक्क्या त्याला भिंतीपासून वांचवितो. इतिहासाच्या ग्रंथांत तलवारीला जागा मिळते, तक्क्याला मिळत नाहीं. तरी तलवारीनें जिंकलेल्या लढायांचे तह बहुधा तक्क्याला टेकूनच झाले आहेत, आणि कोणाला टेकूं द्यावयाचें व कोणाला नाहीं यावरून मोठमोठ्या दरबारांत जे रुसवेफुगवे झाले, त्यांची हकीकत कांहीं लहान नाहीं.

एक साधी गोष्ट प्रथम लक्षांत घेतली पाहिजे. मांडी घालून जमिनीवर बसलें म्हणजे कंबरेचा सांगाडा मागच्या बाजूस कलतो, आणि कण्याचा खालचा भाग, जो उभ्या माणसांत आंत वळलेला असतो, तो सपाट होऊं लागतो. घटकाभर हें चालतें. नंतर पाठ आधार मागते. नुसत्या भिंतीला टेकावें तर भिंत खांद्यांना आणि डोक्याला लागते. पण जेथें खरी गरज तेथें, कंबरेपाशीं, पोकळी राहते. ती पोकळी भरून काढणें हेंच तक्क्याचें काम. आपला गोल लोड हें काम उत्तम करतो, कारण त्याचा फुगवटा नेमका कंबरेशीं येतो. परंतु गोल वस्तु भिंतीला एका रेषेंतच टेकते. त्यामुळें बसणारानें जरा अंग सैल सोडलें कीं लोड वर चढूं पाहतो आणि खालची गादी पुढें सरकते. मग गादी आणि भिंत यांच्यामध्यें जी फट पडते, तींत अडकित्ते, पेन्सिली आणि मुलांच्या गोट्या किती गेल्या याचा हिशेब कोणत्याच दिवाणानें ठेवलेला नाहीं. याच्या उलट सपाट चौकोनी तक्क्या भिंतीला अंगभर चिकटून राहतो आणि खांद्यापर्यंत आधार देतो, पण कंबरेला तो तितका धार्जिणा नसतो. निरनिराळ्या समाजांनीं या दोहोंतून आपापली निवड केली. तुर्कांनीं, आपण आतां पाहूं त्याप्रमाणें, निवडीच्या भानगडींत न पडतां दोन्ही ठेवले.

इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यांत 'कुब्बेआल्ती', म्हणजे घुमटाखालची, या नांवाची एक जागा आहे. उस्मानी साम्राज्याचें मंत्रिमंडळ तेथें भरत असे. भिंतीला लागून आसन, त्यावर ओळीनें वजीर, आणि मुख्य वजिराच्या डोक्यावर भिंतींत एक जाळीची खिडकी. सुलतानांनीं सभेंत स्वतः बसण्याचें सोडून दिल्यावर त्या खिडकीमागें येऊन ऐकण्याची सोय ठेविली होती. सुलतान आज आला आहे कीं नाहीं हें खालीं बसलेल्यांस कळत नसे. पाठ मऊ तक्क्याला टेकलेली असली म्हणजे तिला विसांवा मिळतोच असें नाहीं, हें त्या खोलींत बसणारांइतकें कोणास ठाऊक असणार?

राजवाड्यांतली ही रीत साध्या घरांतही होती. तुर्की घरांतील खोलींत भिंतींच्या कडेनें, खिडक्यांच्या खालून, एक सलग बैठक फिरविलेली असे. तिला 'सेदिर' म्हणत. तिच्यावर पातळ गादी आणि भिंतीशीं उभे केलेले तक्के, म्हणजे 'यास्तिक'. खोलीच्या मध्यभागीं कांहींही नाहीं. मानाची जागा कोपऱ्यांतली. कारण तेथें दोन भिंती मिळतात आणि दाराकडे तोंड राहतें. सोळाव्या व सतराव्या शतकांत बुर्सा शहरांत या तक्क्यांच्या खोळींसाठीं खास मखमल विणली जाई. रेशमाची लव, जरीची भूमि, आणि दोन्ही टोकांस लहान लहान महिरपींची एक एक ओळ. थान विणून मागाहून कापावयाचें, असा प्रकार नव्हता; मागावरच तक्क्याचा आकार धरून विणावयाचें. एक एक खोळ सुमारें चार फूट लांब व दोन फूट रुंद असे. युरोप-अमेरिकेंतील संग्रहालयांत आज या खोळी कांचेच्या चौकटींत बसवून भिंतीवर लावलेल्या दिसतात. तक्क्याचें कापड शेवटीं भिंतीवरच राहिलें. पाठ तेवढी निघून गेली.

हें सर्व बाहेरच्या जगास नीट कळलें तें एका स्त्रीमुळें. इ. स. १७१७ च्या एप्रिल महिन्यांत एदिर्ने शहरांतून, ज्याला युरोपीय लोक आड्रियानोपल म्हणत तेथून, इंग्रज वकिलाची पत्नी लेडी मेरी वर्टली मॉंटेग्यू हिनें आपल्या मैत्रिणींस पत्रें लिहिलीं. तीं तिच्या मृत्यूनंतर, १७६३ सालीं, प्रसिद्ध झालीं. याच पत्रांतील एकांत तिनें देवी टोचण्याची तुर्की रीत वर्णिली आहे. त्या पत्राचा इतिहासांत मोठा बोलबाला झाला, आणि तो योग्यच आहे. परंतु त्याच सुमाराच्या दुसऱ्या एका पत्रांत ती घराच्या आंतल्या मांडणीकडे वळते. खोलीचें एक टोंक दोनएक फूट उंच केलेलें, त्यावर गालिचे, कडेनें थोडी उंच बैठक, श्रीमंतीप्रमाणें रेशमानें मढविलेली, आणि भिंतीशीं उभ्या केलेल्या तक्क्यांच्या दोन ओळी. मागची ओळ मोठ्या तक्क्यांची, पुढची लहानांची. म्हणजे मोठा सपाट तक्क्या भिंतीला चिकटून खांदे संभाळणार, आणि लहान तक्क्या कंबरेखालीं हवा तसा सरकवून घेतां येणार. या बैठकींचें सुख तिला इतकें पटलें कीं, आतां जन्मांत पुन्हां खुर्ची सोसणार नाहीं, अशा अर्थाचें तिनें लिहून टाकलें. युरोपीय पुरुष प्रवाशांनीं तुर्की दिवाणांचीं वर्णनें पूर्वीं केलेलीं होतीं. पण त्यांना घराचा बाहेरचा भागच काय तो दिसला. लेडी मेरी स्त्रियांच्या महालांत गेली, त्यांच्या शेजारीं त्याच तक्क्यांना टेकून बसली. तेथील स्त्रियांकडे ती दयेच्या नजरेनें पाहात नाहीं, उलट कांहीं बाबतींत त्या आपल्याहून मोकळ्या आहेत असें म्हणते. तिचें सगळें म्हणणें मान्य करण्याचें कारण नाहीं. श्रीमंतांच्या घरीं पाहुणी म्हणून गेलेल्या बाईस घराची दुसरी बाजू दिसत नाहीं. पण एक गोष्ट तिच्या वर्णनावरून निश्चित ठरते: त्या घरांत पाठ टेकण्याचें सुख हें पुरुषाचें एकट्याचें नव्हतें.

असें सुख युरोपांत त्यापूर्वीं कोठेंच नव्हतें असेंही नाहीं. स्पेन देशांत मुसलमानी राज्य १४९२ सालीं ग्रानादा पडल्यावर संपलें, परंतु बसण्याची रीत मागें राहिली. मोठ्या घरांत 'एस्त्रादो' म्हणून एक उंचवटा असे. त्यावर गालिचे व उशा मांडून स्त्रिया जमिनीवर बसत, आणि पुरुष खुर्चीवर. उशीला स्पॅनिश भाषेंत 'आल्मोआदा' म्हणतात. शब्द उघड अरबी. राणीच्या समोर अशा उशीवर बसण्याचा मान मोठ्या सरदारांच्या स्त्रियांनाच मिळे, आणि तो प्रथम मिळण्याच्या दिवशीं समारंभ होई. त्याला 'उशी घेणें' असेंच नांव होतें. १७०० सालानंतर फ्रेंच बूर्बों घराणें माद्रिदच्या सिंहासनावर आलें. त्याच्याबरोबर फ्रेंच खुर्च्या आल्या आणि अठराव्या शतकाच्या ओघांत एस्त्रादो नाहींसा झाला. विजेत्यांनीं ज्यांना हांकून लावलें, त्यांच्याच उशांवर त्यांच्या घरच्या बायका दोनशें वर्षें बसल्या, ही गोष्ट स्पेनच्या इतिहासकारांनीं थोडी अधिक ठळक करावयास हवी होती असें मला वाटतें.

आतां फ्रान्सकडे येऊं. कारण पाठीची गादी भिंतीशीं तंतोतंत जुळविण्याचें शास्त्र जर कोणीं पुरतेपणीं रचलें असेल तर तें फ्रेंचांनीं. चौदाव्या लुईच्या दरबारांत बसण्याचे नियम वेदमंत्रासारखे पाठ करावे लागत. राजासमोर हात व पाठ असलेली खुर्ची, नुसती पाठ असलेली खुर्ची, आणि पाठही नाहीं व हातही नाहींत असें 'ताबुरे' नांवाचें लहान आसन, अशा पायऱ्या होत्या. डचेसला राणीपुढें ताबुरेवर बसण्याचा हक्क होता. तिच्याहून खालच्या दर्जाच्या स्त्रिया उभ्या राहात. त्या वीतभर गादीच्या आसनासाठीं कुळाकुळांत किती चढाओढ चाले, हें त्या काळच्या आठवणी लिहिणाऱ्या सरदारांनीं मोठ्या चवीनें नोंदलें आहे. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, तो मान बसण्याचा होता, टेकण्याचा नव्हता. पाठीला आधार हा मानाचा शेवटचा टप्पा.

या गाद्या, पडदे, मढवणी करणाऱ्या कारागिरास फ्रेंच भाषेंत 'तापिसिए' म्हणतात. प्रसिद्ध नाटककार मोलिएर याचा बाप राजाच्या पदरीं याच कामावर होता, आणि त्या नोकरीचा वारसा मुलाकडे आला होता. राजाचा बिछाना घालण्यास हात लावणें हाही त्या हुद्द्याचा एक मान. दरबारी माणसांचे चेहरे मोलिएरनें रंगभूमीवर इतके बिनचूक कसे आणले याचें थोडेंसें कारण या नोकरींत असावें. पलंगाच्या पायथ्याशीं उभा राहणारा माणूस बरेंच पाहतो.

अठराव्या शतकांत, पंधराव्या लुईच्या वेळीं, पॅरिसच्या सुतारांनीं खुर्च्यांच्या दोन जाती पक्क्या केल्या. एक 'आ ला रेन', म्हणजे राणीच्या धर्तीची: हिची पाठ सपाट. दुसरी 'कॅब्रिओले': हिची पाठ आंतून वळविलेली, माणसाच्या पाठीला साजेशी. ही दुसरी खोलीच्या मध्यभागीं, वाटेल तेथें ओढून नेण्यासाठीं. पहिली भिंतीची. भिंतीवर त्या काळीं लांकडी फळ्यांचें नक्षीदार काम असे, आणि खुर्चीच्या पाठीवरचें कोरीव काम त्या फळ्यांच्या रेषांशीं जुळावें म्हणून घराचा शिल्पी आणि सुतार एकत्र बसून नकाशे काढीत. खुर्ची जागेवर ठेवली म्हणजे ती भिंतींतूनच उमललेली वाटे. ती हलवावयाची नाहीं. हलविली तर भिंतीला भोंक पडल्यासारखें दिसे. पुष्कळ खुर्च्यांची मागची बाजू म्हणूनच बिनकोरीव राहात असे. भिंतीखेरीज ती कोण पाहणार!

या खुर्च्यांच्या पाठीची रचना पाहण्यासारखी आहे. लांकडी चौकटीवर तागाच्या पट्ट्या ताणून विणावयाच्या, त्यावर जाडें कापड, त्यावर घोड्याच्या शेपटीचे केस पिंजून बसवावयाचे, पुन्हां कापड, आणि वर रेशीम किंवा गालिच्याच्या विणीचा पडदा. घोड्याचा केंस वापरण्याचें कारण असें कीं, तो दबला तरी पुन्हां उसळतो. कापूस एकदां बसला कीं बसला. श्रीमंतांच्या खुर्च्यांत ही सर्व मढवणी एका वेगळ्या आंतल्या चौकटीवर करीत, आणि ती चौकट खुर्चीच्या पाठींत बसवीत व काढीत. हिवाळ्यांत जाड मखमल, उन्हाळ्यांत हलकें रेशीम: ऋतु बदलला कीं भिंतीवरचे पडदे आणि खुर्च्यांच्या पाठी एकाच दिवशीं बदलल्या जात. सुतारकामाचें हें सारें शास्त्र आन्द्रे जाकोब रूबो या पॅरिसच्या सुतारानेंच १७६९ ते १७७५ या काळांत ग्रंथरूपानें मांडलें. कारागिरानें आपल्या हातचें ज्ञान स्वतः लिहून ठेवावें, आणि देशांतील पंडितांच्या मंडळानें तें छापावें, हा योग आपल्याकडे फार क्वचित आला. आमचे वाडे ज्यांनीं उभारले त्यांची विद्या त्यांच्याबरोबरच गेली.

तुर्की बैठकीचें वेड याच सुमारास पॅरिसच्या स्त्रियांस लागलें. 'ओतोमान', 'सुलतान', 'तुर्क्वाझ' अशीं नांवें कोचांना मिळालीं. नांव तुर्कस्तानचें, पाय मात्र फ्रेंच. सोफा हा शब्दही अरबी 'सुफ्फा' म्हणजे ओटा यावरून आलेला. कनिष्ठ क्रेबियों नांवाच्या लेखकानें १७४२ सालीं एक चावट कादंबरी लिहिली. तिचा नायक हिंदुस्थानांतला एक दरबारी. पूर्वजन्मींच्या पापामुळें ब्रह्मदेव त्याच्या आत्म्याला सोफ्यांत कोंडतो, आणि सोफ्यावर बसणारांचीं गुपितें तो सांगतो. या पुस्तकामुळें लेखकास कांहीं काळ पॅरिस सोडावें लागलें. आपल्या पुनर्जन्माच्या सिद्धान्ताचा असा उपयोग होईल हें आमच्या दर्शनकारांच्या स्वप्नांतही आलें नसेल.

इंग्लंडांत खुर्च्या वापर संपतांच भिंतीशीं नेऊन लावण्याची रीत होती. त्यांच्या पाठी घासून चुन्याचा गिलावा पडूं नये म्हणून त्याच उंचीवर भिंतीला एक लांकडी पट्टी ठोकीत. जुन्या इंग्रजी धर्तीच्या बंगल्यांत ही पट्टी आपल्याकडेही आढळते, आणि ती कशासाठीं आहे हें ठाऊक नसल्यामुळें पुष्कळजण तिला नुसती शोभा समजतात. पुढें खुर्च्या भिंत सोडून खोलीच्या मध्यभागीं आल्या. हम्फ्री रेप्टन या उद्यानशिल्पीनें १८१६ सालच्या आपल्या ग्रंथांत जुन्या खोलींतलें तें कडेनें बसलेलें अवघडलेलें मंडळ आणि नव्या खोलींतले मोकळे घोळके यांची तुलना केली आहे. मग १८२० ते १८३० च्या दशकांत लोखंडी स्प्रिंगांचीं पेटंटें निघालीं, आणि पाठीची गादी भिंतीवांचूनही फुगून उभी राहूं लागली. केसांना लावावयाच्या मॅकॅसर तेलाचे डाग तिच्यावर पडूं नयेत म्हणून विणलेला रुमाल टाकण्याची चाल पडली. तो रुमाल आपल्या सुशिक्षित घरांतील खुर्च्यांच्या पाठींवर पिढ्यानुपिढ्या विराजमान होता. तेल वेगळें, डाग तोच.

आतां आपल्या घरीं यावयास हरकत नाहीं. तक्क्या हा शब्द फारसी, अभ्रा फारसी. पण सर्वांत बोलका शब्द म्हणजे 'सदर'. अरबींत 'सद्र' म्हणजे छाती, पुढचा भाग, आणि त्यावरून बैठकींतली मानाची जागा. एडवर्ड लेन यानें १८३६ सालच्या आपल्या मिसर देशावरील ग्रंथांत कैरोच्या घरांचें वर्णन केलें आहे. तीन भिंतींशीं गाद्या. भिंतीला टेकविलेले कापसाचे तक्के. आंतला भाग थोडा उंच, दारापाशीं खोलगट जागा, तेथें जोडे काढून वर चढावयाचें. आणि वरच्या टोंकाची मानाची बाजू. वाई-सातार्‍याकडच्या एखाद्या वाड्याचें वर्णन आपण ऐकत आहों असा भास व्हावा. आपल्या सदरेची एक बाजू चौकाकडे उघडी, तेथें सुरूचे खांब आणि महिरपी. दुसरी बाजू भरींव भिंतीची, तींत कोनाडे. त्या भिंतीशीं गादी, तिच्यावर पांढरी चादर, लोड आणि तक्के. बसणाराचें तोंड चौकाकडे, पाठ भिंतीकडे. येणारा उजेडांत उभा, बसणारा सांवलींत. न्याय मागणाराचा चेहरा दिसावा आणि देणाराचा दिसूं नये, याची ही सोय मुद्दाम केलेली नसेलही. पण ती होती.

पुण्यास सिंहासन नव्हतें हें आपण विसरतों. सिंहासन छत्रपतींचें. पेशवे हे त्यांचे प्रधान. वस्त्रें सातार्‍याहून यावयाचीं. म्हणून शनिवारवाड्यांत होती ती गादी, आणि गादीच्या मागें लोड. एवढ्या मोठ्या सत्तेचें चिन्ह कापसाचें असावें यांत एक प्रकारची नम्रता होती, आणि पुढें पुढें ती नांवापुरतीच उरली. १ जून १७९० रोजीं टिपूविरुद्धचा तह पुण्यास झाला. त्या दरबाराचें चित्र जेम्स वेल्स या चित्रकारानें करावयास घेतलें होतें. तो १७९५ सालीं वारला, आणि त्याच्या सामग्रीवरून टॉमस डॅनियल यानें तें १८०५ सालीं पुरें केलें. लंडनच्या टेट संग्रहालयांत तें आहे. सोळा वर्षांचा सवाई माधवराव, इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट, आणि जमिनीवर बसलेली दाट सभा. खुर्चीशिवाय चालविलेल्या राज्यकारभाराचें याहून चांगलें चित्र मला ठाऊक नाहीं. शनिवारवाडा १८२८ सालच्या आगींत जळाला. गादी हा शब्द तेवढा राहिला: सातारची गादी, कोल्हापूरची गादी, मठाची गादी, सराफाची गादी.

इंग्रजी अंमलांत खुर्ची आली आणि तिच्याबरोबर नवा ताबुरे आला. उत्तर हिंदुस्थानांत साहेबासमोर खुर्चीवर बसण्याचा परवाना ज्यास मिळे त्याला 'कुर्सीनशीन' म्हणत, आणि त्याचा दाखला लोक जपून ठेवीत. ज्यांच्या वाडवडिलांनीं लोडाला टेकून गांवांचे निवाडे केले, ते आतां दुसऱ्याच्या कचेरींत चार पायांच्या लांकडी आसनासाठीं अर्ज करूं लागले.

परंतु जुन्या सदरेचें गुणगान गातांना हात थोडा आंखडता घ्यावा असें मला वाटतें. सदरेवर कोण चढणार, ओसरीवर कोण थांबणार आणि अंगणांतूनच कोण बोलणार, हें जन्मानें ठरलेलें असे. आणि घरांतल्या स्त्रीची पाठ त्या तक्क्याला सहसा लागली नाहीं. खोळी शिवल्या तिनें, अभ्रे धुतले तिनें, कापूस वेंचून दिला तिनें. वडिलांसमोर टेकून बसणें हें सुनेला उद्धटपणाचें मानीत. माजघरांत भिंत होती, तक्क्या नव्हता. लेडी मेरीला एदिर्नेच्या महालांत जें दिसलें, तें पाहण्यास ती पुण्यास आली असती तर तिला आमच्या माजघरांत मिळालें नसतें. बाळंतिणीच्या खोलींत मात्र पाठीशीं उशा रचीत. स्त्रीच्या पाठीला आधार हवा हें आम्हांला ठाऊक नव्हतें, असें म्हणण्यास म्हणूनच जागा नाहीं.

शहरांतल्या आजच्या घरांत खोल्या लहान झाल्या, आणि तक्क्या पुन्हां भिंतीकडे परतला आहे. बैठकीच्या किंवा पलंगाच्या मागें मढविलेली फळी भिंतीला जखडून लावतात. तिची युक्ति साधी आहे. एक लांकडी पट्टी लांबीनें, तिरकी, पंचेचाळीस अंशांत चिरावयाची. एक अर्धी भिंतीला अशी ठोकावयाची कीं, तिची धार वर व बाहेर येईल. दुसरी अर्धी तक्क्याच्या फळीच्या पाठीला उलटी. वरून तक्क्या सोडला म्हणजे दोन धारा एकमेकींत बसतात, आणि तक्क्याचें वजनच त्याला भिंतीकडे ओढून धरतें. खालच्या अंगास तेवढ्याच जाडीची दुसरी पट्टी लावली नाहीं तर तक्क्या खालून आंत जातो व वरून पुढें कलतो. पट्टीच्या जाडीइतकें अंतरही राहूं नये अशी हौस असेल तर फळीच्या मागें चौकट करून पट्टी तींत बुडवावी लागते. लांकडी फळ्यांच्या भिंतीला हें सर्व शोभतें. पण कोंकणांत किंवा मुंबईस, पावसाच्या माऱ्याच्या बाजूची भिंत असेल तेथें, ही हौस आवरावी. आषाढांत ती भिंत पाझरते, आणि तिला अंगभर चिकटलेला कापूस दसऱ्यापर्यंत बुरशीनें काळा पडतो. बोटभर फट राहूं द्यावी, वारा खेळूं द्यावा.

आणि तो काढतां येईल असा असावा. कापूस दोनतीन वर्षांनीं उसवून पिंजून घ्यावा लागतो. पिंजाऱ्याच्या पिंजणाचा टणत्कार पूर्वीं पावसाळा सरतांच गल्लोगल्लीं ऐकूं येई. खिळ्यांनीं कायमचा ठोकलेला तक्क्या पिंजतां येत नाहीं. तो हळूहळू बसणारांच्या पाठींचा आकार घेतो, आणि ज्या बाजूस घरांतलें वडील माणूस बसतें ती बाजू आधीं दबते.